खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का? पन्नाशीपुढच्या बायकांसाठी ताकदीचा व्यायाम आणि प्रोटीन, अगदी सुरुवातीपासून

तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीत आमच्या आई, म्हणजे सासूबाई, मोदक वळायला पाटावर बसल्या, एकवीस वळून झाले, वर पोरांसाठी अजून दहाबारा झाले, आणि मग उठताच येईना. एक हात ओट्याला, एक हात माझ्या खांद्याला, तरी ढुंगण जमिनीवरून सुटेना, शेवटी मी आणि जाऊबाई दोघींनी मिळून उचललं. त्या म्हणाल्या, "माका काय एक झाला नाय, पाय वायच आखडलो." आम्हीपण हसून सोडून दिलं. नंतर लक्षात यायला लागलं की गेले सहा महिने त्या खुर्चीवरून उठतानासुद्धा दोन्ही हातांनी दांडे दाबूनच उठतायत, एसटीत चढताना मागून कोणीतरी आधार द्यावा लागतोय, आणि कळशी उचलायचं काम त्यांनी कधी गुपचूप माझ्याकडे ढकललं ते मलाच कळलं नव्हतं.

हे आखडणं नव्हतं, पायातला मसल कमी झाला होता. याला सार्कोपेनिया म्हणतात, १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हा शब्द सुचवला, ग्रीक भाषेत त्याचा अर्थच मांस कमी होणं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के मसल जातो, साठीनंतर वेग वाढतो, आणि बायकांत पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की हाडं आणि मसल दोन्हीकडून मार बसतो. वजनकाट्यावर हे दिसत नाही बरं का, कारण मसलच्या जागी चरबी येते आणि काटा तिथल्या तिथेच राहतो.

आता कोकणातली कुठलीही बाई यावर एकच बोलणार, की आम्ही काय बसून खातो काय, दिवसभर कामच तर करतो. मीही हेच बोलले होते. पण जरा आठवून बघा, आपल्या आज्ज्या विहिरीतून रहाटानं पाणी काढायच्या, पाट्यावर वाटण वाटायच्या, भाताचे भारे डोक्यावर आणायच्या, जेवायला आणि परसाकडे दोन्हीकडे उकिडवं बसायच्या. आता पंप आहे, मिक्सर आहे, गॅस आहे, डायनिंग टेबल आहे, कमोड आहे. हे सगळं हवंच, मला काय पाटा परत नकोय. पण मग उरलं काय, तर वाकून खळं झाडणं आणि ओट्यापुढे तासन्‌तास उभं राहणं, यात कंबर दुखते आणि पाय सुजतात, ताकद काही वाढत नाही. मसलला सवयीपेक्षा जरा जास्त ओझं मिळालं तरच तो वाढतो, आणि रोज तेच तेच काम म्हणजे सवयीचंच ओझं. चालायला जाणंही चांगलंच, हृदयाला आणि शुगरला उत्तम, पण त्यानं वजन उचलायची ताकद येत नाही.

वय झालं, आता काय होणार, हे डोक्यातून काढा आधी. १९९० साली बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांच्या एका संस्थेतल्या सरासरी ९० वर्षं वयाच्या दहा जणांना ८ आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम दिला होता, नऊ जणांनी पुरा केला, आणि त्यांच्या पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतले लोक! आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "ह्या वयात माका काय पैलवान व्हवचा आसा गो?" म्हटलं पैलवान नको, मोदक वळून झाल्यावर स्वतःच्या पायांनी उठलात तरी पुरे.

सुरू करायच्या आधी

डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, विशेषतः बीपी ताब्यात नसेल, चालताना छातीत दुखत असेल, नुकतं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल, हर्निया असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलेलं असेल तर. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकून पाठ गोल करणं आणि कंबरेतून झटक्यानं पिळणं टाळायचं, बाकी व्यायाम बंद असं नसतं, उलट डॉक्टर करायलाच सांगतील. शुगरसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी करू नका, शुगर एकदम उतरू शकते. आणि रक्त तपासणार असाल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा, रिपोर्ट घ्याच, तो का ते पुढे जेवणात सांगते.

मग स्वतःची टेस्ट. एक पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची चालेल पण लादीवर ती सरकते म्हणून भिंत हवीच, आणि हो, झोपाळ्यावर नको, हसू नका, आमच्या शेजारच्या काकींनी खरंच झोपाळ्यावर बसून करून बघितलं होतं. हात छातीवर घडी घाला, पाच वेळा पूर्ण उठा, पूर्ण बसा, कोणाला तरी मोबाईलवर टायमर लावायला सांगा. आशियातल्या लोकांसाठी २०१९ मध्ये तज्ज्ञांनी जे निकष ठरवले त्यात १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर मसल तपासून घ्यावा असं आहे. आई तिसऱ्यालाच थांबल्या, मी स्वतः तेव्हा ५४ ची, मला ११ सेकंद लागले, म्हणजे मीसुद्धा काठावरच. सासूबाईंना शिकवायला निघालेली मी, आणि ही माझी अवस्था.

व्यायाम

आठवड्यात दोन दिवस पुरतात, तीन केले तर उत्तम, मध्ये एक दिवस सुट्टी हवी कारण मसल भरतो तो विश्रांतीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय. आम्ही मंगळवार, शुक्रवार धरलेत, सकाळचा चहा झाल्यावर पडवीत, पंचवीस मिनिटं. आधी पाच मिनिटं पडवीतच फेऱ्या मारायच्या, खांदे फिरवायचे, अंग गरम झालं की सुरू.

सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम म्हणजे ती टेस्टच, खुर्चीवरून उठणं. बाकी सगळं विसरलात तरी हा विसरू नका. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा, दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. आता बहुतेक जणी इथे चुकतात, सरळ ताठ वर उठायला बघतात आणि मागे धपकन पडतात. आधी पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, मग टाचांनी जमीन दाबत उठायचं, उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून ठेवायचा नाही, बीपी चढतं. बसताना एक, दोन, तीन मोजत हळू बसायचं, खरी ताकद ह्या हळू बसण्यातच तयार होते, आणि तिथेच सगळ्या जणी चोरी करतात. आठ वेळा म्हणजे एक सेट, मग दीडदोन मिनिटं आराम, परत आठ.

नाहीच जमत? मग खुर्चीवर घट्ट घडी केलेल्या दोन गोधड्या ठेवून बैठक उंच करा. आईंनी तसंच सुरू केलं, तीन आठवड्यांनी एक गोधडी काढली, मग दुसरी. उलट सोपं जातंय, बारा आरामात होतायत, तर छातीशी सोललेला नारळ धरा, तो साधारण अर्धा किलो, मग एक लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलो, मग दोन किलो तांदळाची पिशवी. ओझं किती घ्यायचं याचा हिशोब सोपा आहे, सेट संपताना वाटलं पाहिजे की अजून फार तर दोनच जमतील. अजून दहा जमतील असं वाटत असेल तर तो व्यायाम नाही, तो टाइमपास.

दुसरा, ढकलण्याचा. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीवर, कोपर वाकवत छाती भिंतीजवळ न्यायची आणि ढकलायचं. भिंत सोपी झाली की स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला हात ठेवून तेच. तिसरा ओढण्याचा, एक हात टेबलावर टेकवून, पाठ सरळ ठेवून जरा पुढे झुकायचं, दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी, कोपर मागे खेचत पिशवी बरगडीपर्यंत आणायची, जसं विहिरीचा दोर ओढतो तसं. चौथा, दाराची चौकट धरून टाचा उचलायच्या, वर एक क्षण थांबून हळू खाली. हे तिन्ही आठ ते बारा वेळा, दोन दोन सेट, यात फार सांगण्यासारखं काही नाही.

पाचव्याबद्दल मात्र जरा थांबते, कारण इथेच आपल्या पाठी जातात. जमिनीवरून कळशी उचलणं. आपण पाय सरळ ठेवून कंबरेतून वाकतो आणि पाठीच्या जोरावर खेचतो. त्याऐवजी कळशी दोन पायांच्या मध्ये, अगदी अंगाजवळ, ढुंगण मागे ढकलायचं जसं काही मागचं दार ढुंगणानं लावतोय, गुडघे थोडे वाकवायचे, छाती पुढे आणि पाठ पाटासारखी सपाट, मग जमिनीला पायांनी ढकलत उभं राहायचं. आधी रिकामी कळशी, तीही स्टुलावर ठेवून, म्हणजे फार खाली जायला नको. मग थोडं थोडं पाणी. आई आता पाव कळशी पाण्यावर आहेत, मी भरलेल्या कळशीवर, आणि माझी वर्षानुवर्षांची सकाळची कंबरदुखी ह्यानंच बरीच गेली, निदान मला तरी असं वाटतं.

शेवटी दोन हातात दोन समान वजनाच्या पिशव्या घेऊन पडवीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताठ चालायचं, तीनचार फेऱ्या. मुठीची ताकद यानं येते, आणि बाजारातून मासळीची पिशवी आणताना ती कामाला येते.

तोलाचा व्यायाम रोज करा, त्याला सुट्टी लागत नाही. दात घासताना बेसिनला एक हात लावून एका पायावर उभं राहायचं, दहा सेकंद हा, दहा सेकंद तो. पावसात खळ्यात आणि पाणंदीत शेवाळ कसं धरतं ते तुम्हाला माहितीये, आणि घसरून खुबा मोडलेली एकतरी म्हातारी प्रत्येक वाडीत आहे. म्हणून जून ते सप्टेंबर व्यायाम छपराखालीच, ओल्या पायांनी लादीवर नाही.

मसल दोन दिवस ठणकला, जिना उतरताना कुरकुरला तर घाबरू नका, नवीन असताना होतंच. सांध्यात सुई टोचल्यासारखं दुखलं, छातीत दडपलं, चक्कर आली, तर तिथल्या तिथे थांबा आणि डॉक्टरकडे जा, दाखवू उद्या असं नको.

जमिनीवरून उठायचं पण शिकून घ्या, गादीवर सराव करा आणि जवळ कोणीतरी असू द्या. पाठीवर असाल तर कुशीवर वळा, कोपरावर या, मग रांगायच्या अवस्थेत, रांगत खुर्चीपर्यंत, दोन्ही हात खुर्चीवर, जो पाय चांगला तो पुढे टाकून उठा. गुडघा बदललेला असेल तर हे आधी फिजिओकडून शिकून घ्या. पडल्यावर घरात एकटं असताना हेच कामाला येतं.

आता ताट

व्यायाम केला आणि जेवण तेच राहिलं तर मसल बांधायला माल कुठून येणार, चिरे नसताना गवंडी बोलावल्यासारखं आहे ते. आणि नुसतं प्रोटीन खाल्लं, हललंच नाही, तर माल पडून आणि गवंडी गायब.

किती लागतं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वय झालेल्यांसाठी तज्ज्ञांच्या प्रोटएज गटानं २०१३ मध्ये १ ते १.२ ग्रॅम सांगितलंय. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम. इथे तो क्रिएटिनिनचा रिपोर्ट: किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती ते डॉक्टरच ठरवणार, माझं ऐकून वाढवू नका.

मी एक दिवस आईंचं सगळं खाणं वहीत लिहिलं. सकाळी चहा आणि बेकरीतलं कडक बटर, नऊला पेज आणि लोणचं, दुपारी भात, पातळ आमटी, एक लहान तुकडी माशाची, चारला चहा, रात्री परत भात-आमटी. जेमतेम ३५ ग्रॅमच्या आसपास. मासे खाणारं घर आमचं, आणि ही गत.

कारण सांगू? बांगडे आणले सहा, त्यातले पोटाचे भाग आधी पोरांना, मग पुरुषांना, आणि शेवटी आम्ही बायका बसतो तेव्हा ताटात डोकं, शेपूट आणि तिकल्याचा रस. कालवण चविष्ट असतं, पण रसात प्रोटीन नसतं हो, ते तुकडीत असतं. वर संकष्टी, सोमवार, गुरुवार, कोणाचा तरी उपास, म्हणजे आठवड्यातून मासे खरे तीनच दिवस. मग श्रावण. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. मी एक नियम केला, माशाच्या दिवशी तुकड्या आधीच वेगळ्या काढून ठेवायच्या, आईंची एक, माझी एक, बाकीच्यांची नंतर वाटणी. पहिल्या दिवशी घरात जरा शांतता पसरली होती, पण झालं सवयीचं.

हिशोब ठेवायला एवढं लक्षात ठेवा. मध्यम बांगडा साफ करून खाण्याजोगा ८०-९० ग्रॅम उरतो, त्यात १५ ते १८ ग्रॅम प्रोटीन, तेवढ्याच वजनाच्या तारलीतही तसंच. एक अंडं ६. मोठा ग्लास दूध ७-८. वाटीभर दही ५. कोरडं कडधान्य ३०-४० ग्रॅम भिजवून उसळ केली तर ७ ते ९, मग ते काळे वाटाणे असोत, चवळी असो की वाल. मूठभर शेंगदाणे ७. कुळथाची पिठी वाटीभर साधारण ५, कारण त्यात पीठ दोनच चमचे असतं, दाट केली तर जास्त. आमटी पातळ असेल तर ३-४ वरच अडकते, डाळ दुप्पट करा. नाचणी कॅल्शियमला फार चांगली, प्रोटीनला बेताचीच. सोलकढी मला जीव की प्राण, पण तिला ह्या हिशोबात धरू नका.

दुसरी गोष्ट, सगळं प्रोटीन रात्रीच्या जेवणात कोंबून चालत नाही. वयाबरोबर मसल जरा बहिरा होतो, हळू हाक मारली तर ऐकतच नाही, म्हणून एका जेवणात वीसपंचवीस ग्रॅम मिळालं तर तो जागा होतो. सगळ्यात पोकळ आपली सकाळ. तिथे घावन्यांबरोबर दोन अंडी, किंवा आंबोळीबरोबर चटणीऐवजी भरपूर काळ्या वाटाण्याची उसळ आणि वर ग्लासभर दूध. आमच्याकडे आता दिवस असा जातो: सकाळी दोन घावने आणि दोन अंडी १६, दुपारी आख्खा बांगडा, भात, दाट आमटी मिळून २८, संध्याकाळी चहाबरोबर बटरऐवजी शेंगदाणे ७, रात्री पिठी, भाकरी आणि दही १४. झाले ६५, सकाळ आणि रात्र अजून विसाच्या आतच आहे, पण आधीपेक्षा बरी.

बंदीच्या दिवसात सुकट, जवळा, सोडे आहेतच, वाळवलेलं असल्यामुळे थोडक्यात बरंच प्रोटीन. खाऱ्या बांगड्यात मात्र मीठ भयंकर, बीपीवाल्यांनी जपून. श्रावणात कुळीथ, वालाचं बिरडं, पनीर, सोयाचे चंक, हे चंक आईंना रबर चावल्यासारखे वाटतात, मी बारीक करून कटलेटमध्ये घालते आणि सांगत नाही. दात नसतील तर पिठलं, अंड्याची मऊ बुर्जी, काटे काढलेला उकडलेला मासा, ताजं दही. प्रोटीन पावडर? ताटातून भागत असेल तर गरज नाही, भागतच नसेल तर डॉक्टरांना विचारून, जाहिरात बघून नाही.

टिकवायचं कसं

भिंतीवरच्या कॅलेंडरवर व्यायामाच्या दिवशी फुली मारायची आणि दर १ तारखेला टेस्ट. आम्ही आता पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते न मोजता ३० सेकंदात किती वेळा उठलो ते मोजतो आणि आकडा तिथेच लिहितो. पहिल्या महिन्यात काही दिसणार नाही, दुसऱ्या-तिसऱ्यात आकडा हलतो.

आणि सुटणार, हे धरूनच चाला. आमच्याकडे देवगडात एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरण्यात जेवायला फुरसत नसते, पहिल्या वर्षी पाच आठवडे पूर्ण सुटलं आणि मला वाटलं गेलं सगळं. गेलं नव्हतं. परत सुरू करताना ओझं एक पायरी कमी करा, म्हणजे बाटलीवर होतात तर नारळावर या, दोन आठवड्यात परत जागेवर येता. गेल्या सीझनला आम्ही आठवड्यातून एकदा तरी करायचं ठरवलं, पेट्यांच्या शेडमध्येच, तिथल्या लाकडी स्टुलावर. कामाला येणाऱ्या दोघीतिघी आधी बघून हसल्या, नंतर त्याच ओळीत उभ्या.

आईंच्या ह्या महिन्याच्या पानावर ११ लिहिलंय. माझ्या १६ आहेत, पण त्या म्हणतात मी शेवटचे दोन नीट बसलेच नव्हते.